जुन्या मिनी पीसीचा बायोस पासवर्ड: बॅटरी उपसण्याआधी काय काय तपासावे

आधी लक्षणे सांगतो. सेकंडहँड घेतलेला छोटा संगणक घरी आणून सुरू केला की विंडोज नीट उघडते, कामही होते. पण पेनड्राइव्हवरून नवी विंडोज किंवा उबंटू टाकण्यासाठी एफ२, एफ१० अथवा एफ१ दाबून बायोसच्या, म्हणजे विंडोजच्याही आधी चालणाऱ्या यंत्राच्या मूळ प्रणालीच्या सेटअपमध्ये शिरू लागलात, की पासवर्डची चौकट समोर येते. काही यंत्रांत सेटअप उघडतो, पण सगळे पर्याय करड्या रंगात दिसतात आणि त्यांपैकी एकही बदलता येत नाही. काही यंत्रे याहून हट्टी असतात. वीज देताच पासवर्ड मागतात आणि तो दिल्याशिवाय विंडोजपर्यंत पोहोचूच देत नाहीत. शेवटचा प्रकार सर्वांत चीड आणणारा आहे: पासवर्ड काढून झाला, दोन दिवस सगळे सुरळीत चालले आणि तिसऱ्या दिवशी चौकट पुन्हा हजर झाली.

मी पुण्यात पेठांमधली छोटी कार्यालये, दवाखाने आणि अभ्यासिका यांचे संगणक सांभाळतो. हिंजवडी, खराडी आणि मगरपट्ट्यातल्या कंपन्या तीन-चार वर्षे वापरलेली यंत्रे गठ्ठ्याने विकतात. त्यांतली डेलची मायक्रो, एचपीची मिनी आणि लेनोव्होची टायनी ही पुठ्ठ्याच्या वहीएवढी चौकोनी यंत्रे व्यापाऱ्यांच्या हातून फिरत फिरत शेवटी अशा ठिकाणी येऊन विसावतात. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, तेव्हापासून ‘अकरा टाकायची आहे, पण बायोसला पासवर्ड आहे’ अशी तक्रार माझ्याकडे वारंवार येते. बहुतेक जण माझ्याकडे येण्याआधीच बॅटरी काढून रात्रभर ठेवून पाहिलेले असतात. त्याने पासवर्ड तर जात नाहीच, उलट कधी कधी चालू असलेली विंडोजही बंद पडते. म्हणून खालचा क्रम मोडू नये, ही विनंती.

कुलूप कोणते, हे आधी ओळखा

या तपासणीला एक पैसाही लागत नाही. अशा यंत्रात पाच निरनिराळी कुलपे असू शकतात आणि लोक त्या सगळ्यांना सरसकट ‘बायोस पासवर्ड’ म्हणतात. सेटअपचा म्हणजे ॲडमिनिस्ट्रेटर पासवर्ड फक्त सेटिंग बदलू देत नाही. पॉवर-ऑन पासवर्ड यंत्रच सुरू होऊ देत नाही. हार्ड डिस्कचा पासवर्ड बोर्डवर, म्हणजे मदरबोर्डवर नसतो, तो डिस्कच्या स्वतःच्या नियंत्रकात असतो. डिस्क काढून दुसऱ्या यंत्रात लावली तरी तो तिच्याबरोबर जातो आणि बोर्डवरचा कोणताही जंपर (पिना जोडणारी छोटी टोपी) त्याला हात लावू शकत नाही. संदेशात ‘हार्ड डिस्क’ किंवा ‘ड्राइव्ह’ हा शब्द असेल, तर डिस्क काढून ठेवावी आणि यंत्र पुन्हा सुरू करून पाहावे. चौकट नाहीशी झाली तर नवी एसएसडी घेणे हाच स्वस्त उपाय ठरतो. ४८ अंकी की मागणारा निळा पडदा बिटलॉकरचा, म्हणजे डिस्कवरचा डेटा कुलूपबंद करणाऱ्या विंडोजच्या सोयीचा असतो, बायोसचा नव्हे.

पाचवे कुलूप मात्र वेगळ्या जातीचे आहे. कोरी विंडोज टाकल्यावर इंटरनेट जोडताच एखाद्या कंपनीचे नाव पडद्यावर येते आणि त्या कंपनीच्या खात्याने लॉग-इन करायला सांगितले जाते. याचा अर्थ यंत्र अजून त्या कंपनीच्या नोंदवहीत आहे. ही नोंद मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवर असते, बोर्डवर नसते. त्यामुळे ती फक्त ती कंपनीच काढू शकते. इथे तंत्रज्ञाला पैसे देणे व्यर्थ आहे. यंत्र विक्रेत्याला परत करावे.

पासवर्ड खरोखर आड येतो आहे का?

हा प्रश्न फारसे कुणी स्वतःला विचारत नाही, आणि माझ्या मते निम्मी डोकेदुखी इथेच संपते. यंत्र सुरू होत असेल, तर विंडोजमधली ‘सिस्टिम इन्फर्मेशन’ ही खिडकी उघडून ‘सिक्युअर बूट स्टेट’ (फक्त विश्वासू सही असलेली प्रणाली सुरू होऊ देणारी सोय) समोर काय लिहिले आहे ते पाहावे, आणि सेटिंगमधल्या ‘डिव्हाइस सिक्युरिटी’मध्ये टीपीएम २.० (किल्ल्या सांभाळणारी सुरक्षा-चिप) दिसतो का तेही पाहावे. कंपन्यांनी वापरलेल्या यंत्रांत विंडोज ११ साठी पाहिल्या जाणाऱ्या या दोन्ही सोयी बहुधा आधीच चालू असतात. प्रोसेसर विंडोज ११ च्या अधिकृत यादीत असेल, म्हणजे इंटेलच्या बाबतीत ढोबळमानाने आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा असेल, तर अकराची फाइल विंडोजमध्येच उघडून तिथूनच विंडोजचा सेटअप चालवता येतो आणि बायोसमध्ये पाऊलही ठेवावे लागत नाही.

पेनड्राइव्हवरूनच सुरू करायचे असेल, तर विंडोजच्या ‘रिकव्हरी’मधल्या ‘ॲडव्हान्स्ड स्टार्टअप’मध्ये ‘यूज अ डिव्हाइस’ हा पर्याय दिसतो का पाहावे, किंवा सुरू होताना बूट मेनूची कळ दाबावी. डेल आणि लेनोव्होवर ती एफ१२, तर एचपीवर एफ९ असते. सेटअपला कुलूप असूनही बूट मेनू उघडा राहिल्याचे मी अनेक यंत्रांत पाहिले आहे. तेवढ्याने काम होत असेल तर पासवर्ड आहे तसा राहू द्यावा. वाचायला हे विचित्र वाटेल, पण दवाखान्याच्या स्वागतकक्षातल्या यंत्राचे बायोस सेटिंग कुणालाच बदलता न येणे ही मालकाच्या सोयीचीच गोष्ट असते.

विक्रेत्याला फोन

कंपनी एका गठ्ठ्यातल्या सगळ्या यंत्रांना बहुधा एकच पासवर्ड देते आणि तो व्यापाऱ्याला माहीत असतो; फक्त ग्राहकाला सांगायचे राहून जाते. फोन करताना यंत्राच्या तळाशी असलेला सिरियल क्रमांक हाताशी ठेवावा. डेलच्या यंत्रावर त्याला सर्व्हिस टॅग म्हणतात आणि तो सात अक्षरांचा असतो. मागच्या वर्षी एका अभ्यासिकेच्या आठ यंत्रांसाठी मी सकाळपासून स्क्रू ड्रायव्हर मांडून बसलो होतो. विक्रेत्याने अकराच्या सुमारास फोन उचलला, समोरची वही चाळली आणि पासवर्ड सांगितला. आठही यंत्रे पंधरा मिनिटांत मोकळी झाली.

सांगितलेला पासवर्ड चालला नाही, तर लगेच विक्रेत्याला खोटे ठरवू नये. वायरचा कीबोर्ड मागच्या यूएसबी पोर्टला लावावा, कारण ब्लूटूथचा कीबोर्ड विंडोज उघडण्यापूर्वी बहुधा कामच करत नाही. कॅप्स लॉक पाहावे. पासवर्डात आकडे असतील तर ते उजवीकडच्या गठ्ठ्यावरून न देता वरच्या ओळीतून द्यावेत, कारण नम लॉक या टप्प्यावर चालू असेलच असे नाही. तीन वेळा चुकले की बरीच यंत्रे अडून बसतात. पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करावे. अंदाजाने शंभर पासवर्ड मारत बसण्यात मात्र अर्थ नाही.

याच फोनमध्ये बिल मागून घ्यावे. कंपनीची मालमत्ता-चिठ्ठी अजून चिकटलेली असेल, विक्रेता बिल द्यायला टाळाटाळ करत असेल आणि यंत्र कुठून आले हे सांगत नसेल, तर पुढे जाऊ नये. बुधवारी आणि रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात बिलाशिवाय घेतलेल्या वस्तूंबाबत मी हे अधिक ठासून सांगतो. चोरीचा माल असल्याचे माहीत असताना, किंवा तसे मानायला कारण असताना, तो अप्रामाणिकपणे स्वीकारणे वा जवळ ठेवणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे. बिल न दाखवणाऱ्याचे यंत्र मी उघडत नाही.

झाकण उघडण्याआधी

हे सगळे झाकण उघडण्याआधी का करायचे, याला एक ठोस कारण आहे. कार्यालयीन यंत्रांपैकी काहींत झाकण काढल्याची नोंद घेणारा बारीक स्विच असतो. ही सोय चालू असेल आणि सेटअपला पासवर्ड असेल, तर झाकण उघडून बंद केल्यावर यंत्र ‘झाकण उघडले गेले होते’ असा संदेश दाखवून पासवर्डासाठी अडून बसू शकते. सकाळपर्यंत सुरू होणारे यंत्र दुपारी दरवाजातच अडते ते यामुळे.

झाकण उघडायचेच ठरले, तर आधी दोन कामे करावीत. विंडोजमध्ये बिटलॉकर किंवा ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ चालू आहे का ते पाहून रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्यावी, किंवा एन्क्रिप्शन काही काळ स्थगित करावे. बायोसची सेटिंग बदलल्यावर टीपीएम डिस्कची किल्ली देण्याचे नाकारू शकतो आणि मग ते ४८ अंक नसतील तर डेटा गेला असे समजावे. दुसरे काम मॅन्युअल उतरवून घेण्याचे. डेल, एचपी आणि लेनोव्हो आपापल्या संकेतस्थळांवर मॉडेलनुसार सर्व्हिस मॅन्युअल मोफत देतात आणि त्यात बोर्डाचे चित्र असते. यूट्यूबवरचा व्हिडिओ शेजारच्या मॉडेलचा असू शकतो.

जंपर

पासवर्ड बोर्डवर नेमका कुठे राहतो, हे समजले की पुढचे सोपे जाते. फार जुन्या संगणकांत तो बॅटरीवर जगणाऱ्या सीमॉस स्मृतीत असे. बॅटरी काढली की तो विसरला जाई. ‘बॅटरी काढा’ हा सल्ला त्या काळातला आहे. आताच्या कार्यालयीन यंत्रांत पासवर्ड वीज नसतानाही टिकणाऱ्या फ्लॅश चिपमध्ये राहतो, त्यामुळे बॅटरी महिनाभर बाहेर ठेवली तरी त्याला फरक पडत नाही. मात्र निर्मात्याने दुरुस्तीसाठी एक अधिकृत वाट ठेवलेली असते, ती म्हणजे जंपर.

ॲडॅप्टर काढावा, मागच्या सगळ्या वायरी सोडवाव्यात आणि पॉवरचे बटण पाच-दहा सेकंद दाबून उरलीसुरली वीज उतरू द्यावी. पुण्याचा हिवाळा कोरडा असतो. डिसेंबरात लोकरीचा स्वेटर घालून बोर्डाला हात लावू नये, आणि आधी यंत्राच्या उघड्या धातूला स्पर्श करावा. झाकण बहुधा मागच्या एका स्क्रूवर असते. आत अडीच इंची डिस्कची चौकट बऱ्याचदा अर्ध्या बोर्डावर पसरलेली असते, ती उचलल्याशिवाय जंपर दिसत नाही. मोबाइलचा दिवा तिरका धरला की हिरव्या बोर्डावर पांढऱ्या बारीक अक्षरांत पीएसडब्ल्यूडी (PSWD, म्हणजे पासवर्ड) असे छापलेले सापडते आणि शेजारी दोन उभ्या पिनांवर प्लॅस्टिकची एक टोपी बसलेली असते. ती हरभऱ्याच्या डाळीएवढी असते. चिमट्याने सरळ वर ओढावी, डावी-उजवीकडे हलवू नये, कारण पिन वाकते. मी ती काडेपेटीत ठेवतो. एकदा ती हीटसिंकच्या पात्यांत पडली आणि एवढ्याशा यंत्राचा पंखा उतरवून तिला शोधण्यात माझा पाऊण तास गेला.

पुढची कृती निर्मात्यानुसार बदलते. डेलच्या बऱ्याच मॉडेलांत आणि एचपीच्या अनेक डेस्कटॉप बोर्डांवर, जिथे या जंपरला ई४९ असा क्रमांक असतो, टोपी काढून झाकण लावायचे आणि यंत्र तसेच एकदा सुरू करायचे असते. या सुरुवातीतच पासवर्ड पुसला जातो आणि पासवर्डाची सोय तात्पुरती बंद होते. विंडोज पूर्ण उघडू द्यावी, मग बंद करावी, ॲडॅप्टर काढावा आणि टोपी जागेवर बसवावी. लेनोव्होच्या थिंकसेंटर मालिकेत तीन पिना असतात. टोपी १-२ वरून २-३ वर सरकवायची, यंत्र सुमारे दहा सेकंद चालू ठेवायचे, बटण दाबून धरून बंद करायचे आणि टोपी परत १-२ वर आणायची. पडद्यावर काही दिसले नाही तर घाबरू नये.

‘पासवर्ड परत येतो’ या तक्रारीचे मूळ बहुतेक वेळा इथेच सापडते. टोपी काढली, यंत्र सुरू न करताच लगेच परत लावली, तर काहीच पुसले जात नाही. टोपी बाहेर असतानाच नवा पासवर्ड ठेवला, तर डेलमध्ये पुढच्या सुरुवातीला तो पुन्हा रद्द होतो आणि मालकाला वाटते, यंत्र बिघडले. तिसरे कारण जरा खोलातले आहे: डिस्कवर कंपनीचीच जुनी विंडोज असेल, तर तिच्यातले व्यवस्थापनाचे सॉफ्टवेअर निर्मात्याच्या साधनांच्या मदतीने बायोसचा पासवर्ड पुन्हा ठेवू शकते. अशा वेळी जंपरशी पुन्हा पुन्हा झगडू नये. डिस्क पूर्ण पुसावी, कोरी विंडोज टाकावी आणि मगच जंपर वापरावा.

जंपर व्यवस्थित वापरूनही पासवर्ड जात नाही, असेही घडते. एचपीच्या कार्यालयीन यंत्रांत ‘स्ट्रिंजंट सिक्युरिटी’ नावाचा पर्याय असतो. तो चालू करून पासवर्ड ठेवला असेल, तर जंपरने तो पुसता येत नाही. डेलच्या अलीकडच्या मॉडेलांतही सुटकेचा मार्ग बंद करणारा ‘मास्टर पासवर्ड लॉकआउट’ असतो. हा दोष नसून आधीच्या मालकाने मुद्दाम घेतलेला निर्णय असतो. इथे घरगुती प्रयत्न थांबवावेत.

बॅटरी

तरीही बॅटरीचा उल्लेख शेवटी करतो, कारण तिचे वेगळे काम आहे. तारीख दर वेळी मागे जात असेल, तर सीआर२०३२ ही तीन व्होल्टची बॅटरी बदलावी. चाळीस-पन्नास रुपयांत ती कुठल्याही घड्याळवाल्याकडे मिळते. काही मिनी यंत्रांत मात्र ती वायर आणि बारीक कनेक्टर लावलेल्या आवरणात असते. तशी बॅटरी तापकीर गल्लीत, म्हणजे पुण्याच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, जाताना जुनी बरोबर नेऊनच घ्यावी. साध्या, कमी ओळखीच्या छापाच्या मिनी पीसीत पासवर्ड कधी कधी बॅटरी काढून किंवा सीमॉस पुसण्याच्या पिना जोडून जातो, त्यामुळे तिथे हा प्रयत्न करायला हरकत नाही.

बॅटरी काढल्यावर किंवा जंपर वापरल्यावर विंडोज सुरूच होईना, तर बहुतेकदा डिस्कची पद्धत बदललेली असते. सेटअपमध्ये साटा (SATA) किंवा स्टोरेजखाली एएचसीआय (AHCI) आणि रेड (RAID) या डिस्क चालवण्याच्या दोन पद्धतींपैकी जी निवडलेली नसेल ती निवडून पाहावी. विंडोज ज्या पद्धतीवर टाकली होती तीच तिला लागते.

मॅक मिनी आणि लॅपटॉप

मॅक मिनीला वरचे काहीच लागू नाही. इंटेलच्या मॅकमध्ये दुसऱ्या डिस्कवरून सुरू करताना कुलपाचे चित्र आणि चौकट दिसली, तर तो फर्मवेअर पासवर्ड असतो. २०१० पर्यंतच्या यंत्रांत रॅम कमी-जास्त करून तो काढता येई. नंतरच्या यंत्रांत ती पळवाट बंद झाली. मूळ खरेदीचे बिल घेऊन ॲपलकडे किंवा तिच्या अधिकृत सेवा केंद्रात जाणे हाच मार्ग उरतो, आणि सेकंडहँड घेणाऱ्याकडे नेमके तेच बिल नसते. २०२० च्या अखेरीस आलेल्या ॲपलच्या स्वतःच्या चिपच्या मॅकमध्ये फर्मवेअर पासवर्डच नसतो. तिथे ॲक्टिव्हेशन लॉक असतो आणि तो आधीच्या मालकाच्या ॲपल खात्यावरून निघतो. लॅपटॉपचेही वेगळे आहे. थिंकपॅडचा सुपरव्हायझर पासवर्ड विसरला तर बोर्ड बदलावा लागतो, असे लेनोव्हो स्वतःच सांगते.

कुठे थांबावे

जंपर मॅन्युअलप्रमाणे वापरूनही चौकट कायम असेल, बोर्डवर जंपरच नसेल, किंवा फ्लॅश चिप वाचण्यावाचून मार्ग उरला नसेल, तर स्वतः काही करू नये. काही शे रुपयांत मिळणारा सीएच३४१ए प्रोग्रामर (चिप वाचण्या-लिहिण्याचे उपकरण) आणि आठ पायांची क्लिप घेऊन चिप पुसायला बसलेली मंडळी मी पाहिली आहेत. हा स्वस्त प्रोग्रामर पुष्कळदा संकेताच्या पायांवर पाच व्होल्ट देतो, तर चिप ३.३ व्होल्टची असते, आणि अलीकडच्या काही यंत्रांत ती १.८ व्होल्टचीच असते. शिवाय त्याच चिपमध्ये यंत्राचा सिरियल क्रमांक, ओळख-संख्या, काही बोर्डांत नेटवर्कचा पत्ता आणि इंटेलच्या व्यवस्थापन इंजिनाचा भाग राहतो. दुसऱ्या यंत्राची फाइल त्यात भरली तर पासवर्ड जाईल, पण यंत्र दर अर्ध्या तासाने बंद पडू लागेल किंवा सुरूच होणार नाही.

त्यामुळे विक्रेत्याची परतीची मुदत शिल्लक असेल तर यंत्र परत करावे. मी ग्राहकांना पहिला सल्ला हाच देतो. मुदत संपली असेल, तर निर्मात्याच्या सेवा केंद्राला सिरियल क्रमांक आणि मालकीचा पुरावा देऊन विचारावे. तेही जमले नाही, तर चिप पातळीवर काम करणाऱ्या तंत्रज्ञाकडे जावे, पण जाण्याआधी खर्चाचा आकडा विचारून घ्यावा, कारण जुन्या मिनी पीसीसाठी सेकंडहँड बोर्ड त्याहून स्वस्त पडू शकतो. तो चिप मूळ स्थितीत दोनदा वाचून दोन्ही फाइली जुळतात का हे पाहणार आहे ना, हेही विचारावे, आणि यंत्र परत घेताना ती मूळ फाइल पेनड्राइव्हवर मागून घ्यावी. जो तंत्रज्ञ ती द्यायला तयार नसेल, त्याच्याकडे यंत्र ठेवू नये.